नऊ किलो दोनशे

"गॅस जात नाय, बाय. घालवतात."

काकांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून, हातात दाढीचा ब्रश घेऊन एका पाइपासमोर उकिडवे बसले होते. साबणाचा फेस पाइपाच्या जोडावर हळूहळू फिरवायचा, मग मान तिरकी करून बघत राहायचं. फेसात फुगा आला तर तिथून गॅस निसटतोय असं समजायचं. फुगा आला नाही, की ते खांद्यावरच्या फडक्याने फेस पुसायचे आणि पाइपाला एक थाप द्यायचे. आता याला तुरटीही लावणार की काय, असं मला वाटलं होतं.

तुर्भ्याच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी तेव्हा नवीन लागले होते. मूळची परभणीची, राहायला खारघरला भाड्याने, शिक्षण बी.कॉम. आणि हुद्दा सस्टेनेबिलिटी ऑफिसर. हा हुद्दा मला कसा मिळाला म्हणाल, तर मुलाखतीत मी एक्सेल बरं येतं असं बोलून गेले. आमच्याकडचा गोठवलेला वाटाणा आणि आंब्याचा रस घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाने नुकताच एक अहवाल मागायला सुरुवात केली होती. वीज किती जाळली, पाणी किती सांडलं आणि खोल्या थंड करणाऱ्या मशीनमधून गॅस किती गळला, हे सगळं त्यात लिहायचं. त्यातलं शेवटचं भलतंच नाजूक. आमच्या मशीनमधला एक किलो गॅस हवेत गेला, की जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं धरतात. सरकारचा नियमही आहेच, की गॅस हवेत सोडायचा नाही आणि नोंद ठेवायची. ही नोंद ठेवणारा माणूस म्हणजे काका, आणि ती नोंद इंग्रजीत वर पाठवणारी म्हणजे मी.

तर मी फॉर्म घेऊन गेले आणि सरळ विचारलं, काका, या तीन महिन्यांत गळती किती? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातल्या लेकीसुनांबद्दल काहीतरी वेडंवाकडं विचारलं होतं. म्हणाले, शून्य. मी म्हटलं, शून्य कसं असेल, अगदी शून्य कुठेच नसतं, मी वाचलंय. काकांनी ब्रश डब्यात ठेवला.

"मंग तुमीच सांगा, किती गळवू?"

मी फॉर्मवर शून्य लिहिलं आणि आले.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल, ज्याला पगाराची गरज नसते आणि तरी तो सगळ्यांच्या आधी येतो. काका खाडीकाठच्या गावातले. आजोबांची भातशेती होती, ती शहर वसवताना सरकारने घेतली, त्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर काकांनी चार मजले चढवले आणि वरचे तीन भाड्याने दिले. म्हणजे घरी बसून पेपर वाचला असता तरी चाललं असतं. पण हे आपले रोज सकाळी सातला जुन्या स्कूटरवरून हजर. का, तर मशीनला सवय आहे म्हणे.

आता पुढची गंमत बघा. आमचे प्लँट मॅनेजर साहेब काकांच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचे. कंपनीच्या गेटच्या आत साहेब काकांना "जरा केबिनमध्ये या" म्हणायचे आणि संध्याकाळी तेच साहेब जिन्यात उभे राहून काकांना विचारायचे, की आज पाण्याचा पंप जरा लवकर लावता येईल का, पाहुणे आहेत. काका दोन्हीकडे सारख्याच आवाजात "बगतो" म्हणायचे.

काकांच्या एका पराक्रमाची गोष्ट मी लागण्याच्या आधीची, पण ती मला निदान पाच जणांनी सांगितली. एक जुनं मशीन भंगारात काढायचं होतं. कंत्राटदाराची माणसं आली, पाना लावून व्हॉल्व्ह उघडणार आणि आतला सगळा गॅस हवेत सोडून मोकळी होणार, तेवढ्यात काका जाऊन त्या मशीनवर बसले. नुसते बसले. गॅस ओढून टाकीत भरायचं यंत्र आणा, मग उठतो, म्हणाले. ते यंत्र यायला दुपार झाली. काकांनी डबाही मशीनवर बसूनच खाल्ला. मग रिकाम्या टाकीला स्वतःच्या हाताने नवा व्हॉल्व्ह बसवला, गॅस त्यात भरला आणि टाकीला रंग दिला. कोणीही पाहुणा आला, की काका त्याला आधी ती टाकी दाखवायचे, मग कंपनी.

माझ्याही घरी त्यांनी पाऊल ठेवलंय. दर उन्हाळ्यात आमचा एसीवाला यायचा आणि गॅस संपला म्हणायचा. मीही भोळेपणाने भरून घ्यायचे. काकांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावरच तापले. संपायला ते रॉकेल आहे का, म्हणाले. गॅस आतल्या आत फिरत राहतो, तो कुठेतरी जात असेल तरच कमी होतो, आणि भोक तसंच ठेवून वरून ओतत राहणारा माणूस एकतर अडाणी नाहीतर लबाड. रविवारी स्कूटर घेऊन खारघरला आले, पाच मिनिटांत एक सैल नट शोधला, आवळला आणि पोहे खाल्ले. पोह्यात शेंगदाणे जास्त पडलेत हेही सांगून गेले. एसी तेव्हापासून नीट चाललाय, माझे पोहे मात्र अजून तसेच आहेत.

तर आता मुख्य गोष्टीकडे येते, आणि ती माझ्या घाईची आहे.

दर तीन महिन्यांनी स्टोअरमधल्या गॅसच्या सिलिंडरांचं वजन करायचं असा नियम. मागच्या वेळेपेक्षा वजन कमी भरलं, तर तेवढा गॅस कुठल्यातरी मशीनमध्ये भरला असणार. भरला, म्हणजे तिथून आधी तेवढा गळला असणार. साधी गोष्ट. सप्टेंबर संपला, या नियमातली पहिलीच वजनं घ्यायला मी स्टोअरमध्ये गेले, आणि त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी. काकांनी सकाळीच पूजा मांडलेली. पाने, पकडी, गेज, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू. अकराच्या अकरा सिलिंडर ओळीने उभे, प्रत्येकाला झेंडूचा जाड हार आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, धरायच्या कड्याच्या आत, शेंडीचा नारळ. नारळ त्या कड्यात इतका चपखल बसतो, की कारखानदाराने त्यासाठीच ते केलं असावं असं वाटतं.

काका म्हणाले, आज हत्यार हलवायचं नाही, उद्या दसरा झाला की घ्या वजनं. मी म्हटलं, पाच वाजता मेल जायलाच हवा, माझे प्रोबेशनचे सहा महिने अजून पुरे व्हायचेत. काकांनी माझ्याकडे पाहिलं, सिलिंडरांकडे पाहिलं. मग त्यांनी तोडगा काढला, की सिलिंडर काट्यावर ठेवू, पण वाहिलेलं काही काढायचं नाही.

"बाय, हार-नारल हाय वर," असंही ते एकदा म्हणाले.

"असू द्या काका, किती छान दिसतंय," मी म्हणाले. फोटो काढले. आकडे लिहिले. पाच वाजता मेल गेला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

डिसेंबरअखेर पुन्हा वजनं घेतली. अकरा सिलिंडर मिळून नऊ किलो दोनशे ग्रॅम कमी. मी तीनदा बेरीज केली. छत्तीस टन कार्बन डायऑक्साइड! काकांच्या वहीत त्या तीन महिन्यांत एकाही मशीनमध्ये गॅस भरल्याची नोंद नव्हती. मग गॅस गेला कुठे? स्टोअरच्या क्लार्कने आवाज खाली आणून त्याचं उत्तर सगळ्यांना पुरवलं. बाहेर एसी दुरुस्तीची दुकानं थोडी आहेत का, म्हणाला, आणि जुनी माणसंच आतले रस्ते जाणतात.

साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते, कारण आकडे माझे. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी गोडीने मार्ग काढला. काका, मशीनमधून गळला असं लिहा, भरला पण नोंद राहिली असं लिहा, सही करा, विषय संपला. ऑडिटर येतोय. गळती दिसली तर गिऱ्हाईक कुरकुर करील, पण चोरी दिसली तर मला पोलिसात जावं लागेल.

"लिक नाय झाला तं लिक कसा लिवू?"

"मग गॅस गेला कुठे?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मना काय इचारता, साहेब. काटा तुमचा, आकडा तुमचा."

आणि उठून गेले. त्यांना हातातलं काम बिघडलं असं लिहून द्यायचं नव्हतं आणि हात काळे झाले असंही कबूल करायचं नव्हतं. तिसरा मार्ग साहेबांना दिसत नव्हता. मार्चअखेर काका निवृत्त होणार होते. पगार, पेन्शन यांची त्यांना पडलेली नव्हती. इतकी वर्षं कमावलेलं नाव घेऊन गेटबाहेर पडायचं होतं, आणि तेच आता अडकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर काकांची पिशवी तपासायला लागले. वॉचमन वर्षानुवर्षं त्यांना सलाम करणारा, आता त्यालाच त्यांच्या पिशवीत हात घालावा लागला. काकांनी स्वतःच डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला आणि चवळीच्या भाजीत गॅस आहे का बघून घ्यायला सांगितलं. रांगेतले हसले. काकाही हसले. पण त्या दिवशी त्यांची स्कूटर तीनदा किक मारूनही सुरू झाली नाही, आणि कोणी मदतीला गेलं नाही. मीसुद्धा गेले नाही. वरच्या काचेतून बघत राहिले.

इकडे साहेबांची वेगळीच गत. आज ना उद्या काका पंप बंद करणार, या भीतीने त्यांनी घरातल्या सगळ्या बादल्या, टोप, कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवले. पाणी मात्र रोज वेळेवर येत राहिलं. उलट एक दिवस दहा मिनिटं जास्तच आलं, तेव्हा साहेबांना जेवण गेलं नाही.

ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी मी अहवालासाठी फोटो निवडत होते. कर्मचाऱ्यांचा सहभाग असं एक पान असतं, त्यात सणावाराचे हसरे फोटो टाकायचे. खंडेनवमीचा फोटो उघडला. काटा, काट्यावर सिलिंडर, सिलिंडरावर हार, हारावर नारळ, आणि खाली काट्याचा लाल आकडा. तोच आकडा, जो मी मेलमध्ये पाठवला होता. मी अक्षरशः कपाळावर हात मारला. मी नारळांचा गॅस करून परदेशात पाठवला होता!

खोटं कशाला सांगू, जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी गप्प बसले. फोटो डिलीट करता येईल हेही मनात येऊन गेलं. प्रोबेशन संपायला आठ दिवस होते. मग मी मशीनरूममध्ये गेले. काका एकटेच जेवत बसले होते. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी फोटो पाहिला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नारल मी ठेवलं. मना नाय म्हाईत तं कोनाला?"

"मग बोलला का नाही? पहिल्याच दिवशी साहेबांसमोर बोलायचं ना!"

"मी बोल्लो असतो तं तुमची नोकरी गेली असती. आन चुगलीच झाली असती ती." त्यांनी डबा बंद केला. "तुमी बोलाल असं वाटलं व्हतं."

मला इतकी शरम वाटली, की काय सांगू. माझ्याहून मोठ्या माणसाने महिनाभर चोर म्हणवून घेतलं, तेही माझ्यासाठी, आणि मी त्या वेळात काय केलं, तर तीनदा बेरीज केली.

तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी फोटो दोनदा बघितला. मला वाटलं, आता माझं सामान भरायचं. साहेब म्हणाले, "म्हणजे पाणी बंद होणार नाही." बाकीचं उद्या ऑडिटरसमोर बघू, असं म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं.

ऑडिटर सावंतवाडीकडचे निघाले. हे आमचं नशीब. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, की नारळ कुठला, आपल्याकडचा की दक्षिणेचा, कारण वजनात फरक पडतो. काका म्हणाले, मार्केटमधून आणले, दक्षिणेचे असणार, मोठे होते. ऑडिटर म्हणाले, तोंडी चालणार नाही, पुरावा लागेल. मग काय! साहेबांची गाडी घेऊन मी आणि तो क्लार्क मार्केटला गेलो. अकरा नारळ, शेंडीसकट. अकरा हार. झेंडूवाल्याने विचारलं, लग्न आहे का? क्लार्क म्हणाला, ऑडिट आहे.

परत स्टोअरमध्ये अकरा सिलिंडर सजले. ऑडिटर चष्मा लावून फोटोतल्याप्रमाणे हार कितपत लोंबतोय ते बघत होते आणि साहेब नारळ बसवत होते. काका मात्र कोपऱ्यात हात मागे बांधून उभे. यावेळी पूजा नव्हती, त्यामुळे त्यांनी हात लावला नाही. एकेक वजन झालं. सजवलेल्यातून बिनसजवलेलं वजा केलं. नारळ आणि हार मिळून बरोबर नऊ किलो.

क्लार्कने टाळी वाजवली. साहेबांनी काकांचा हात हातात घेतला, माफ करा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. वर राहिले दोनशे ग्रॅम. ऑडिटर म्हणाले, ते सोडून द्या, नारळागणिक एवढा फरक पडतोच. गळती शून्य लिहितो. मलाही फक्त एक ताकीद मिळाली. नारळ आम्ही तिथेच फोडले आणि खोबरं सगळ्या प्लँटला वाटलं.

खोबरं न घेतलेला माणूस एकच. काका साबणाचा डबा घेऊन सिलिंडरांपाशी बसले होते. मी म्हटलं, काका, आता काय? म्हणाले, नारळाचा फरक असेलही, पण बघायला काय जातं. तीन दिवस त्यांनी ते अकरा सिलिंडर एकामागून एक तपासले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. त्या अकरांतली एक त्यांची ती लाडकी टाकी होती. मशीनवर बसून, डबा तिथेच खाऊन वाचवलेला गॅस जिच्यात भरला होता, ती. त्यांनीच बसवलेल्या व्हॉल्व्हच्या बुडाशी फेसात एक फुगा हळूहळू मोठा होत होता. इतका हळू, की मला आधी दिसलाच नाही. काकांना तो केव्हाचा दिसत असणार. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्या दिवशी केबिनमध्येसुद्धा ते इतके म्हातारे दिसले नव्हते.

गॅस दुसऱ्या टाकीत काढून झाल्यावर ते वही घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, अहो काका, शून्य लिहून गेलाय ऑडिटर, दोनशे ग्रॅमसाठी कशाला पुन्हा मेल करायचा, शून्य किती छान दिसतं.

"नऊ किलो लिवायला सांगत व्हता तवा लाज नाय वाटली. आता दोनशे ग्रामची वाटते?"

काकांनी वहीत लिहिलं, 'दोनशे ग्रॅम लीक. व्हॉल्व्ह मी बसवला होता.' खाली सही केली. ज्या माणसाकडून नऊ किलोंवर सही निघत नव्हती, त्याने दोनशे ग्रॅमवर न मागता दिली. मी बाहेर येऊन बाथरूममध्ये रडले, हे आज पहिल्यांदा सांगतेय.

माझी नोकरी टिकली. आमच्या कामाच्या पद्धतीच्या पुस्तकात आता एक नवं कलम आहे, 'वजनापूर्वी सिलिंडरवरील हार, नारळ व तत्सम वस्तू काढाव्यात.' ते मीच लिहिलंय. बाहेरचे लोक वाचून हसतात, मी त्यांना हसू देते. काका मार्चअखेर निवृत्त झाले. त्या दिवशी वॉचमनने गेटवर उभं राहून सलाम केला, आणि काकांनी त्याला पुन्हा डबा उघडून दाखवला.

अहवाल गेला, त्यात दोनशे ग्रॅम गेले. गेल्या महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला. माल पुरवणाऱ्या बाकी सगळ्या कंपन्यांनी गॅसगळती शून्य कळवली आहे, फक्त तुमच्याकडेच गळती दिसते, तरी कारण कळवावे.

मी दोन पानी उत्तर लिहून साहेबांकडे नेलं. व्हॉल्व्ह, तपासणी, उपाययोजना, तक्ता, सगळं. साहेबांनी ते वाचलं, पूर्ण खोडलं आणि स्वतः दोन ओळी टाइप केल्या. 'आमच्याकडे गळती शोधणारा माणूस होता. तो मार्चमध्ये निवृत्त झाला.'